पीटभूमीतील मिथेनचा माग: कार्बनची समस्थानिके कशी मोजावीत आणि कशी वाचावीत

ज्यांनी गावी गोबरगॅसची टाकी जवळून पाहिली आहे, त्यांना पीटभूमीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ जमिनीत, काय चालते हे निम्मे ठाऊकच असते. ओले सेंद्रिय द्रव्य, बंद झालेली हवा आणि ऑक्सिजनवाचून जगणारे सूक्ष्मजीव या तीन गोष्टी जुळल्या की मिथेन तयार होतो. टाकीतला माल मात्र काही आठवड्यांपूर्वीचा असतो आणि वायू एकाच नळीतून बाहेर पडतो. पीटमध्ये वरच्या अंगाला यंदाचे शेवाळ असते आणि दोन मीटर खाली काही हजार वर्षांपूर्वीचे. त्यातून निघालेला मिथेन कधी पाण्यात विरघळून, कधी बुडबुड्यांतून, तर कधी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या पोकळ देठांतून वर येतो. पृष्ठभागावर पकडलेला वायू कोणत्या थरात, कोणत्या कार्बनपासून आणि कोणत्या रासायनिक वाटेने तयार झाला, हे त्याचे प्रमाण मोजून कळत नाही. त्यासाठी कार्बनच्या समस्थानिकांकडे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंकडे, वळावे लागते.

जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भाग पीटभूमीने व्यापलेला आहे आणि मातीत साठलेल्या एकूण कार्बनचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा तेवढ्यात आहे. तापमान वाढल्यावर हा जुना साठा मिथेन होऊन बाहेर पडेल का, हा प्रश्न तपासण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, मार्सेल प्रायोगिक वनातील ‘एस-१’ नावाच्या बॉगमध्ये, म्हणजे मुख्यतः पावसाच्या पाण्यावर राहणाऱ्या आम्लधर्मी पीटभूमीत, ‘स्प्रूस’ हा प्रयोग उभारण्यात आला. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकेची वनसेवा यांनी काळ्या स्प्रूस वृक्षांच्या आणि स्फॅग्नम शेवाळाच्या या दलदलीत वरून उघडी अशी १० दालने बांधली आणि त्यांतील हवा व पीट नेहमीच्या तापमानापेक्षा शून्य ते ९ अंश सेल्सिअसने अधिक, अशा वेगवेगळ्या पायऱ्यांनी तापवले. पुढील मार्गदर्शनात उदाहरण म्हणून हीच जागा डोळ्यांसमोर ठेवली आहे. पद्धत मात्र कोणत्याही पाणथळ मातीला लागू पडते.

आधी दोन वाटा समजून घ्याव्यात

पीटमध्ये मिथेन मुख्यतः दोन वाटांनी तयार होतो. पहिल्या वाटेत ॲसिटेटच्या रेणूचे दोन तुकडे होतात आणि एकाचा मिथेन, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड बनतो. दुसऱ्या वाटेत मिथेनजनक सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे चार रेणू जोडून मिथेन व पाणी बनवतात. मिथिलयुक्त संयुगांपासून मिथेन करणारी तिसरी वाटही आहे, पण गोड्या पाण्याच्या पीटमध्ये तिचा वाटा सहसा लहान असल्याने ती येथे बाजूला ठेवली आहे.

निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो आणि उरलेला जवळजवळ सगळा कार्बन-१२. सूक्ष्मजीव हलक्या कार्बनच्या रेणूंवर किंचित वेगाने काम करतात, त्यामुळे तयार झालेला मिथेन कच्च्या मालापेक्षा हलका निघतो. हा फरक दुसऱ्या वाटेत पहिल्या वाटेपेक्षा बराच मोठा असतो आणि पुढचे सगळे तर्कशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. नमुन्यातील कार्बन-१३ व कार्बन-१२ यांचे गुणोत्तर ‘व्हिएन्ना पीडीबी’ या मानकाच्या गुणोत्तराशी ताडून, पडलेला फरक दर हजारी लिहिण्याची रीत आहे आणि त्या आकड्याला डेल्टा कार्बन-१३ म्हणतात. तो जितका जास्त उणे, तितका कार्बन हलका. पीटमधील वनस्पतिद्रव्याचा डेल्टा साधारण उणे २६ ते उणे २९ असतो. ॲसिटेटच्या वाटेचा मिथेन साधारणपणे उणे ५० ते उणे ६५ या पट्ट्यात आढळतो, तर हायड्रोजनच्या वाटेचा उणे ६० ते उणे ११० या पट्ट्यात.

हे पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, याकडे नवख्या विद्यार्थ्याचे हमखास दुर्लक्ष होते. उणे ६३ दर हजारी असा एकटा आकडा दोन्हींपैकी कोणत्याही वाटेचा असू शकतो. म्हणून मिथेनच्या आकड्याबरोबर त्याच कुपीतील कार्बन डायऑक्साइडचा आकडा मोजणार नसाल, तर मोहिमेचा खर्च न केलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही जोडी का लागते ते पुढे गणितात दिसेल.

पाण्याचा नमुना घेताना

पीटच्या रंध्रांत अडकलेले पाणी म्हणजे रंध्रजल. ते काढण्यासाठी तळाशी बारीक छिद्रे असलेल्या नळ्या निरनिराळ्या खोलीवर कायमच्या रोवून ठेवाव्यात. निदान २५, ५०, १००, १५० आणि २०० सेंटीमीटर या खोल्या असाव्यात आणि पाणीपातळी जेथे वर-खाली होते त्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये जमल्यास आणखी दोन. प्रत्येक खोलीसाठी नळी वेगळी हवी. एकच नळी खाली-खाली ढकलत नमुने घेतल्यास वरच्या थराचे पाणी तिच्या बाजूने खाली झिरपते आणि खोलीनुसार दिसायला हवा तो फरक पुसला जातो.

नळीत साचून राहिलेले पाणी आदल्या दिवशी उपसून टाकावे आणि ताजे पाणी भरू द्यावे. दुसऱ्या दिवशी नळीला लवचीक नळकांडे व तिहेरी तोटी जोडून सिरिंजने अगदी सावकाश पाणी ओढावे. जोर लावला तर सिरिंजमध्ये फेस येतो. मिथेन पाण्यात फारच कमी विरघळत असल्याने तो आधी त्या बुडबुड्यांत निघून जातो, कार्बन डायऑक्साइड मात्र पाण्यात बराच टिकून राहतो, आणि दोघांचे प्रमाण तेथेच बिघडते. पहिली सिरिंज धुण्यासाठी वापरून फेकून द्यावी. मग पाणी गाळणीतून, हेलियमने धुऊन निर्वात केलेल्या आणि जाड ब्युटाइल रबराच्या बुचाने बंद केलेल्या काचेच्या कुपीत सुईने सोडावे. २० मिलिलिटरच्या कुपीत १० मिलिलिटर पाणी हे प्रमाण हिशेबाला सोयीचे पडते.

या टप्प्यावर हवेची भीती सगळ्यांनाच असते, पण ती चुकीच्या कारणासाठी. हवेत मिथेन दशलक्ष भागांत दोन भागांहूनही कमी असतो. खोल पीटच्या कुपीत त्याचे प्रमाण हजारो पट जास्त असल्याने थोडी हवा शिरल्याने मिथेनचा आकडा भेसळीमुळे बिघडत नाही. खरा धोका ऑक्सिजनचा आहे. तो मिळताच पाण्यातील मिथेनभक्षक जीवाणू कामाला लागतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत हलका मिथेन खाऊन टाकतात. त्यामुळे कुपीत आधीच २० टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल एक मिलिलिटर घालून ठेवावे. त्याने जीवाणू थांबतातच, शिवाय पाण्यातील बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. ‘एस-१’सारख्या बॉगचे पाणी इतके आम्लधर्मी असते की तेथे बायकार्बोनेट जवळजवळ नसतेच, परंतु भूजल मिळणाऱ्या, कमी आम्लधर्मी अशा फेन प्रकारच्या पीटमध्ये ते भरपूर असते. बायकार्बोनेट हे विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ९ ते ११ दर हजारीने जड असल्याने आम्ल विसरले तर सगळी मालिका सरकते.

कुप्या उलट्या ठेवाव्यात, म्हणजे बुचाला आतून पाणी टेकते आणि वायू बुचातून झिरपत नाही. अंधार व गारवा हवा. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट पाळली नाही म्हणून माझ्या पहिल्या मोसमातील नमुन्यांचा एक अख्खा खोका वाया गेला होता, त्यामुळे ती आवर्जून सांगतो.

प्रयोगशाळेत

मापनापूर्वी कुपीतील दाब हेलियमने वातावरणाच्या दाबाइतका करून ती जोराने हलवावी, म्हणजे विरघळलेले वायू वरच्या मोकळ्या जागेत येतात. किती येतात याचा हिशेब मात्र दोन्ही वायूंसाठी वेगळा करावा लागतो. पाणी आणि मोकळी जागा समसमान असेल, तर २५ अंश सेल्सिअसला मिथेनचा सुमारे ९७ टक्के भाग वर येतो आणि कार्बन डायऑक्साइडचा जेमतेम ५५ टक्के. कोष्टकातील विद्राव्यता वापरून ही दुरुस्ती करता येते, पण ज्ञात प्रमाणात बायकार्बोनेट विरघळवलेल्या पाण्याच्या कुप्या नमुन्यांसोबतच हाताळून आपल्या पद्धतीची परिणामकारकता प्रत्यक्ष मोजणे अधिक भरवशाचे. पाण्यात राहिलेला कार्बन डायऑक्साइड वायूतल्यापेक्षा सुमारे एक दर हजारीने हलका असतो, तेवढी दुरुस्तीही नोंदवावी.

मोजमापासाठी गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला समस्थानिक मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. त्यात मिथेन आधी वेगळा होतो, मग तापलेल्या भट्टीत जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड बनतो आणि ४४, ४५ व ४६ या वस्तुमानांचे प्रवाह मोजले जातात. अलीकडे लेझरवर चालणारी उपकरणे थेट मोजणीच्या जागी नेता येतात आणि पृष्ठभागावरच्या वायूसाठी ती उत्तम आहेत. पण पीटच्या पाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यांच्या वाचनात ढवळाढवळ करतो, म्हणून रंध्रजलासाठी मी तरी मास स्पेक्ट्रोमीटरच निवडेन. दर आठ-दहा नमुन्यांनंतर मानक वायू चालवावा आणि तो अपेक्षित मिथेनच्या जवळपासचा, म्हणजे बराच हलका असावा. उणे ३० चे मानक वापरून उणे ८० चा आकडा ठामपणे सांगता येत नाही.

गणित: जोडी का लागते

आता कार्बन डायऑक्साइडच्या डेल्टामध्ये १००० मिळवावेत, मिथेनच्या डेल्टामध्ये १००० मिळवावेत आणि पहिल्या बेरजेला दुसरीने भागावे. जो भागाकार येतो त्याला अल्फा, म्हणजे दृश्य विभाजन गुणांक, म्हणतात. अल्फा १.०५५ च्या खाली असेल तर ॲसिटेटची वाट प्रबळ आणि १.०६५ च्या वर असेल तर हायड्रोजनची, असा ढोबळ दंडक आहे. मधल्या पट्ट्यात दोन्हींचे मिश्रण समजावे.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. २५ सेंटीमीटरवर कार्बन डायऑक्साइड उणे १८ आणि मिथेन उणे ६८ आला. ९८२ ला ९३२ ने भागले की अल्फा १.०५४ येतो. १५० सेंटीमीटरवर कार्बन डायऑक्साइड अधिक ६ आणि मिथेन उणे ६७ आला. १००६ ला ९३३ ने भागले की अल्फा १.०७८ येतो. मिथेनचे दोन आकडे केवळ एका दर हजारीने वेगळे आहेत. तेवढेच मोजले असते तर दोन्ही थरांत एकच प्रक्रिया चालते असा निष्कर्ष काढून आपण मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात वर ॲसिटेटची वाट आहे आणि खाली हायड्रोजनची. खाली कच्चा माल असलेला कार्बन डायऑक्साइडच जड झाल्याने त्यापासून झालेला मिथेनही तुलनेने जड दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. पोषकद्रव्यांनी गरीब, स्फॅग्नमच्या बॉगमध्ये खोलीनुसार अल्फा असा वाढताना वारंवार दिसतो.

पीटचा स्वतःचा डेल्टा उणे २६ च्या आसपास असताना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड अधिक बाजूला कसा जातो, हा प्रश्न येथे पडायला हवा. उत्तर वस्तुमानाच्या जमाखर्चात आहे. सेल्युलोजसारख्या द्रव्याचे पूर्ण विनॉक्सी (ऑक्सिजनवाचून) विघटन झाले, तर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड समान मात्रेत तयार होतात आणि दोघांची सरासरी मूळ द्रव्याइतकीच राहावी लागते. मिथेन उणे ६७ असेल तर त्याच्या जोडीचा कार्बन डायऑक्साइड अधिक १५ हवा, कारण दोघांची सरासरी उणे २६ येते. याउलट मिथेनशी संबंध नसलेल्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड उणे २६ च्याच आसपास असतो. आपल्या कल्पित १५० सेंटीमीटरच्या नमुन्यात तो अधिक ६ आहे. उणे २६ पासून अधिक ६ पर्यंतचे अंतर ३२ आणि अधिक १५ पर्यंतचे ४१. ३२ ला ४१ ने भागले की ०.७८. म्हणजे तेथील सुमारे ७८ टक्के कार्बन डायऑक्साइड मिथेननिर्मितीच्या जोडीने आलेला आहे. हीच रीत २५ सेंटीमीटरला लावली तर वाटा १९ टक्क्यांच्या आसपास येतो. या हिशेबाचे एक मोठे मोल असे की बुडबुड्यांतून मिथेन निसटून गेला तरी पाण्यात मागे राहिलेला कार्बन डायऑक्साइड त्याची साक्ष देतो.

जेथे फसगत होते

मिथेनभक्षक जीवाणू हलका मिथेन आधी खातात, त्यामुळे उरलेला मिथेन जड होतो आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हलका असतो. परिणामी अल्फा दोन्हीकडून खाली ओढला जातो आणि हायड्रोजनच्या वाटेचा मिथेन ॲसिटेटच्या वाटेचा भासतो. याचा संशय पाणीपातळीच्या लगतच्या नमुन्यांत नेहमी घ्यावा. मिथेनची तीव्रता वर येताना झपाट्याने घटत असेल आणि त्याच वेळी त्याचा डेल्टा जड होत असेल, तर ते भक्षणाचे लक्षण समजावे. तीव्रता चढती असूनही अल्फा कमी असेल, तरच ॲसिटेटच्या वाटेची बाजू भक्कम होते. वरच्या उदाहरणातील १.०५४ हा आकडासुद्धा ही तपासणी झाल्याशिवाय स्वीकारू नये.

वाहतुकीनेही आकडा बदलतो. हवेतील विसरणात हलका मिथेन जड मिथेनपेक्षा सुमारे १९ दर हजारीने पुढे असतो आणि लव्हाळवर्गीय वनस्पतींच्या पोकळ ऊतींतून मिथेन जाताना हलका भाग आधी निघून जातो. बुडबुडे मात्र आकडा फारसा न बदलता वर येतात. त्यामुळे पृष्ठभागावर पेटी ठेवून मोजलेला मिथेन आणि खालच्या रंध्रजलातील मिथेन यांचे आकडे जुळले नाहीत, तर उपकरणाला दोष देण्यापूर्वी तेथे कोणती वनस्पती वाढते ते पाहावे.

वाटेची खातरजमा करायची असल्यास पीटचे गोळे नायट्रोजन भरलेल्या बाटल्यांत मुरत ठेवता येतात. मिथिल फ्लोराइडची अल्प मात्रा ॲसिटेटची वाट रोखते. ती घातलेल्या आणि न घातलेल्या बाटल्यांची तुलना अल्फाच्या निष्कर्षाशी करावी. बाटल्या मूळ थराच्या तापमानालाच ठेवाव्यात. मिनेसोटात खोल पीटचे तापमान एक आकडी अंशांत असते. सोयीसाठी बाटल्या २५ अंशांवर ठेवणे म्हणजे दुसऱ्याच सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणे होय.

वय विचारायचे तर कार्बन-१४

कार्बन-१३ वाट सांगतो, कच्च्या मालाचे वय नाही. त्यासाठी ५७३० वर्षे अर्धायुष्य असलेला कार्बन-१४ मोजावा लागतो. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ वाढत गेला आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाला, त्यामुळे गेल्या काही दशकांतील वनस्पतिद्रव्यावर त्याची ठळक खूण आहे. नमुना मोठा घ्यावा लागतो, आणि त्याच थरातील तीन गोष्टी एकत्र मोजाव्या लागतात: घन पीट, पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आणि वायू. मिथेन इतका हलका असताना त्याचे वय चुकणार नाही का, अशी शंका येते. परंतु कार्बन-१४ चे निकाल उणे २५ या डेल्टावर आणून जाहीर करण्याचा संकेत असल्याने विभाजनाचा, म्हणजे हलक्या-जड कार्बनच्या निवडीचा, परिणाम आधीच वजा झालेला असतो.

‘स्प्रूस’मध्ये २०१४ च्या जूनमध्ये प्रथम फक्त खोल पीट तापवायला सुरुवात झाली. तापमानाबरोबर मिथेनचे उत्सर्जन झपाट्याने वाढले, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाढीव निर्मिती वरच्या २० ते ३० सेंटीमीटरच्या पीटमध्येच आढळली, आणि कार्बन-१४ ने दाखवले की मिथेन व कार्बन डायऑक्साइड मुख्यतः पृष्ठभागावरून आलेल्या अलीकडच्या कार्बनपासून बनत होते, हजारो वर्षांच्या साठ्यातून नव्हे. खोलवर सापडलेला मिथेन तेथील घन पीटपेक्षा तरुण असतो, कारण सूक्ष्मजीव पाण्याबरोबर झिरपलेले ताजे द्रव्य पसंत करतात. पुढे काही दालनांत जो जादा कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला तो जीवाश्म स्रोताचा, म्हणजे कार्बन-१४ नसलेला आहे. त्यामुळे नवे शेवाळ आपोआप खूण लावलेले तयार होते आणि त्याचा माग मिथेनपर्यंत काढता येतो.

भारतात हे करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. निलगिरीतील सँडीनल्ला येथील पीटच्या डेल्टावरून आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली सुमारे २० हजार वर्षांतील हवामानाचे चढउतार मांडले, ते शक्य झाले याचे कारण तेथे भात-गव्हाच्या गटातील आणि ज्वारी-उसाच्या गटातील गवतांचे प्रमाण काळानुसार बदलत गेले. पहिल्या गटाचा डेल्टा उणे २७ च्या, तर दुसऱ्याचा उणे १२ च्या आसपास असतो. अशा पीटमध्ये वरच्या जमाखर्चात उणे २६ हा आकडा डोळे मिटून घालता येणार नाही. प्रत्येक थरातील घन पीटचा डेल्टा स्वतंत्र मोजूनच पुढे जावे लागेल. कोकणातील भातखाचरांत मिथेन मोजताना, शेतात आदल्या हंगामात काय पीक होते आणि खत कोणत्या चाऱ्यावरच्या जनावरांचे होते, हेही याच कारणासाठी शेतकऱ्याला विचारून वहीत लिहून ठेवावे.